पावसाआधी घराजवळच्या फांद्या छाटा

शिरूर, दौंडच्या वस्त्यांमध्ये घराला खेटून कडुलिंब, शेवगा किंवा गुलमोहर असतोच. उन्हाळ्यात त्याची सावली हवीशी वाटते. पण शेवगा, गुलमोहराचे लाकूड ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात फांदी मोडून पत्र्यावर पडली, तर खाली झोपलेल्या लेकरांना इजा होते.

दुसरा धोका डासांचा. पन्हाळीत पाला अडकला की पाणी तुंबते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि ८ ते १० दिवसांत नवे डास उडू लागतात. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला पन्हाळ साफ करा.

वाळलेल्या आणि छतावर झुकलेल्या फांद्या मे महिन्यातच काढून घ्या. झाडाचा शेंडा मात्र उडवू नका. फांदी विजेच्या तारेजवळ असेल तर स्वतः हात लावू नका. लोखंडी शिडी, कोयता, ओली फांदी यांतून वीज अंगात उतरते. महावितरणला १९१२ क्रमांकावर कळवा.

शहरात मोठी छाटणी करण्याआधी नगरपरिषदेत अर्ज द्या. १९७५ च्या राज्य वृक्ष कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. वस्तीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकच अर्ज केला, तर काम सोपे होते.