चलो सांगली, हळद बघायला!

ऑफिसखालच्या कॅफेत मिळणारी 'टर्मरिक लाटे' म्हणजे आजीचं हळदीचं दूधच, फक्त मग बदललाय! पण ही हळद बाजारात येते कशी, हे कधी पाहिलंय? मग या सीझनला महाबळेश्वर-पाचगणी सोडा. पुण्याहून सातारा, कऱ्हाड करत पेठ नाक्याला वळा आणि थेट सांगली गाठा.

इस्तंबूलचा स्पाइस बझार फोटोत सगळ्यांनीच पाहिलाय. सांगलीचं वसंतदादा मार्केट यार्ड तसं नटलेलं नाही. इथं टुरिस्टसाठी काही मांडलेलं नसतं, चालतो तो रोखठोक धंदा. शेडमध्ये शिरलात की आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. पोत्यांच्या थप्प्या, पिवळी झालेली जमीन आणि हमालांचे पिवळे सदरे! सौदे सुरू झाले की अडते, खरेदीदार, शेतकरी असा घोळकाच्या घोळका मालाभोवती सरकत जातो. खरेदीदार हळकुंड उचलून कट्‌कन मोडतो. आवाज खणखणीत आला तर माल नीट वाळलाय. मग आतला रंग बघायचा. लॅब रिपोर्ट नंतर, पहिली परीक्षा हाताची!

पण खरी गंमत गावाबाहेर, हरिपुरात. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं हे गाव प्रसिद्ध आहे पेवांसाठी. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आत हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. हवाच नाही, तर कीड जगणार कशी? वीजबिल शून्य! उघडताना मात्र घाई चालत नाही. आतली कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यायची, मगच माणूस उतरणार.

हे सगळं भूतकाळात लिहायची वेळ आणली 2005 च्या महापुरानं. पाणी पेवांत शिरलं, माल कुजला, कित्येक पेवं खचली. व्यापारी गोदामं आणि कोल्ड स्टोरेजकडे वळले. 2019 ला कृष्णा पुन्हा चढली. मधल्या काळात, 2018 मध्ये, सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे नावाला शिक्का मिळाला, पण ज्या साठवणुकीनं हे नाव गाजवलं ती हातातून निसटत होती. पेव बांधायची नि राखायची रीत कागदावर कमी आणि जुन्या लोकांच्या हातात जास्त. ते आहेत तोवरच विचारून घ्यायला हवं.

तेव्हा फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, नवा माल येतो तेव्हा, एक सुट्टी टाका. सौदे बघायचे तर वीकडेलाच जा. पांढरा शर्ट घरी ठेवा. वाटेत मध्ये उभं राहू नका, हमालाच्या डोक्यावर ओझं असतं. फोटो काढण्याआधी विचारा. हरिपुरात संगमेश्वराचं दर्शन घ्या आणि पारावरच्या एखाद्या आजोबांना विचारा, "पेवं कुठं होती हो?" येताना भडंग घ्याच, पण किलोभर हळकुंडंही घ्या. दुकानात एक मोडून बघायला विसरू नका!