घाट उतरणारी मालमोटार

खंडाळ्याचा घाट धापा टाकीत चढणारी भरलेली मालमोटार मुंबई-पुण्याच्या प्रवाशांनीं अनेकदां पाहिलेली असते. परतीच्या वाटेवर तीच गाडी खोपोलीकडे उतरूं लागली म्हणजे तिच्या कष्टांस विराम मिळाला, असें पाहणारास वाटतें. अनुभवी चालक मात्र याच ठिकाणीं अधिक सावध होतो. चढावर एंजिन कमी पडलें तर फार तर खोळंबा होतो. उतारावर ब्रेक कमी पडले तर प्राणांशीं गांठ असते.

खंडाळ्यापासून खोपोलीपर्यंत रस्ता सुमारें ५०० मीटर खालीं येतो. २५ टन वजनाची गाडी एवढी खालीं आली म्हणजे जी शक्ति मोकळी होते, तिची उष्णता केली तर सुमारें ३९० लिटर पाण्यास उकळी फुटेल! यांतील कांहीं भाग हवेच्या व रस्त्याच्या विरोधांत खर्च होतो. उरलेला सारा भार चालकानें ब्रेकवर टाकला, तर ती उष्णता चाकांतील ड्रममध्यें सांठते. ड्रम तापून फुगतो व आंतल्या लायनरपासून दूर सरतो. लायनरची पकडही ढिली पडते. पाय पूर्वींइतक्याच जोरानें दाबला जातो, पण गाडी ऐकत नाहीं. जळकट वास आणि चाकांतून निघणारा धूर हीं या संकटाचीं लक्षणें होत.

यावर उपाय एंजिनांतच आहे. खालच्या गिअरमध्यें गाडी ठेवून ॲक्सिलरेटरवरील पाय काढला कीं चाकेंच एंजिनास फिरवूं लागतात, आणि त्या श्रमांत गाडीचा वेग आवरला जातो. ज्या गिअरमध्यें घाट चढावा त्याच, किंबहुना त्याहूनही खालच्या गिअरमध्यें तो उतरावा. हा गिअर उतार लागण्यापूर्वींच टाकला पाहिजे. मध्येंच बदलूं गेल्यास तो न पडण्याचा आणि गाडी मोकळी सुटण्याचा धोका असतो. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवूं नये. ताशीं ३० किलोमीटरची मर्यादा ठरविली असल्यास, ती गांठतांच ब्रेक घट्ट दाबून वेग २२ च्या आसपास आणावा व पाय पूर्णपणें उचलावा.

डिझेल वाचविण्यासाठीं कित्येक चालक उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडतात. हा हिशेब फसवा आहे. गाडी गिअरमध्यें असून ॲक्सिलरेटर सोडलेला असतो, तेव्हां आधुनिक एंजिनास डिझेल जवळजवळ मिळतच नाहीं. न्यूट्रलमध्यें मात्र एंजिन चालू ठेवण्यापुरतें तें जळतच राहतें. कोणी तर एंजिनच बंद करतात. मग ब्रेकसाठीं हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, टांकींतील हवा प्रत्येक दाबाबरोबर घटत जाते, आणि सुकाणूंही जड होतें.

आगगाडी बांधणारांनीं हा धोका फार पूर्वींच ओळखला होता. बोरघाटांतील लोहमार्गावर, सुटलेली गाडी अडविण्यासाठीं मुद्दाम चढते फांटे काढलेले आहेत. मोटारींच्या घाटांतही अनेक देशांत वाळूचे किंवा खडीचे असे चढते रस्ते असतात. ब्रेक निकामी झाल्यास चालकानें संकोच न करतां गाडी त्यांत घालावी.

घाटांत संथपणें उतरणाऱ्या मालमोटारीमागें अडकलेल्या कुटुंबानें म्हणून भोंगा वाजवूं नये, आणि तिला ओलांडून तिच्यापुढें एकाएकीं थांबूंही नये. तिची ती मंद गति आळसाची नव्हे; पुढच्या वळणावर लागणारी शक्ति चालक तींत राखून ठेवीत असतो.