टिटॅनियमची सायकल आणि पनवेलचं चाक

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

तीनशे किलोमीटरची ब्रेव्हे संपवून पहाटे पनवेलला घरी आलो, आंघोळ केली आणि शर्टाची बटणं लावायला गेलो, तर ती लागेनात. दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि त्यांच्या शेजारची बोटं आपली नाहीतच असं वाटत होतं. ब्रेव्हे म्हणजे शर्यत नव्हे. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात सायकलवरून पुरं करायचं, एवढंच. दोनशेला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. मी वेळेत आलो होतो, पण बोटं ठिकाणावर यायला अकरा दिवस लागले. डॉक्टरांनी तळहाताच्या कडेला दाबून पाहिलं आणि म्हणाले, इथून जाणारी नस हँडलवर चेपली गेली आहे. असंच चालू राहिलं तर बधिरपणा कायमचा बसेल. तेव्हा एक तर सायकलमध्ये काहीतरी बदला, नाही तर सायकल सोडा.

त्या वेळी मी सत्तावन्न वर्षांचा होतो. तळोज्याच्या एका कारखान्यात मशीन शॉपमध्ये आयुष्य गेलं. निवृत्ती वर्षावर आली होती आणि त्यानंतर रोज सायकल चालवायची, हे एकच ठरवलं होतं. त्यामुळे 'सोडा' हा शब्द फार लागला.

सोबत्यांचं निदान तयारच होतं. तुमची फ्रेम ॲल्युमिनियमची, ती हाडं खिळखिळी करणारच. टिटॅनियम घ्या, लोण्यासारखी चालते! किंमत विचारली. नुसती फ्रेम लाखाच्या पुढे, आणि नावाजलेली हवी असेल तर तीन-चार लाखही कमी पडतील. सौ. शांतपणे म्हणाली, "अहो, एवढ्यात आपल्या गच्चीची गळती दोनदा थांबेल." गळती खरी होती. तरीही मी फंडाच्या पैशांचा हिशेब मनात मांडू लागलो होतो.

धातूंत दिवस काढले असल्याने आधी आकडे पाहिले. एक घन सेंटीमीटर पोलादाचं वजन सुमारे ७.८ ग्रॅम, टिटॅनियमचं ४.५ आणि ॲल्युमिनियमचं २.७. ताठरपणाही साधारण त्याच प्रमाणात उतरतो. टिटॅनियम पोलादाच्या निम्म्याने ताठर, ॲल्युमिनियम जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे एकाच मापाच्या नळ्या घेतल्या तर सगळ्यांत जास्त वाकेल ती ॲल्युमिनियमची. मग ॲल्युमिनियमच्या सायकलीचं नाव 'कडक' म्हणून का पडलं?

त्याचं कारण नळीच्या जाडीत आहे. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर तिचा ताठरपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. ॲल्युमिनियम मऊ, म्हणून कारखानदार त्याच्या नळ्या जाडजूड करतात आणि फ्रेम पोलादापेक्षाही ताठ होऊन बसते. याच धातूच्या बारीक नळ्यांची व्हितूस नावाची फ्रेंच फ्रेम १९८०च्या दशकात आयर्लंडचा शॉन केली वापरायचा आणि मोठमोठ्या शर्यती जिंकायचा. ती फ्रेम लवचिक म्हणून प्रसिद्ध होती. धातू तोच, स्वभाव उलटा. कार्बन तर धातूच नव्हे. त्याचे धागे ज्या दिशेला लावाल तसा तो वागतो. तेव्हा अमुक धातू मऊ आणि तमुक कडक ही भाषाच मुळात सैल आहे.

पण याहून मोठी गोष्ट पुढे आहे. आपल्या कोकणातल्या कौलारू घरात छपराखाली लाकडी कैची असते. तिचा त्रिकोण वरून येणारा भार सहज पेलतो, वाकत नाही. सायकलची फ्रेम म्हणजे अशाच दोन त्रिकोणांची जोडी. बसणाऱ्याला वर-खाली बसणाऱ्या हादऱ्याने तो त्रिकोण मिलीमीटरच्या अंशाइतकाच दबतो, मग तो कशाचाही असो. पेडल जोरात मारताना फ्रेम बाजूला लचकते, ते खरं. पण खड्ड्यात बसणारा धक्का बाजूने येत नाही, खालून येतो. त्या धक्क्यात टायर कित्येक मिलीमीटर दबतो, सीटखालची नळी लवते, चिमटा थोडा पुढे-मागे होतो. फ्रेमचा वाटा यांच्यापुढे चिमूटभर.

हे सगळं कागदावर पटलं होतं. मनाला पटायला मात्र खांदा कॉलनीतल्या एका तरुण मित्राची टिटॅनियमची सायकल लागली. एका रविवारी पहाटे ती मागून घेतली आणि पळस्पे फाट्यावरून जुन्या हायवेने शेडुंग, चौक, खालापूर करत खोपोलीपर्यंत गेलो. (द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव आहे, म्हणून जुना रस्ताच आमचा.) खरं सांगतो, स्वर्ग होता. गतिरोधकाच्या पट्ट्या, पावसाळ्यानंतर ठिगळासारखे बसवलेले पेव्हर ब्लॉक, सगळ्यावरून सायकल तरंगत गेली. परत येताना फ्रेम घ्यायचं नक्की केलं.

पनवेलला नेहमीच्या मेकॅनिकला हे सांगितलं. तो हसला नाही. त्याने खाली वाकून मित्राचं चाक दाबलं, मग माझं दाबलं. "काका, यांचा टायर अठ्ठावीसचा, हवा सत्तर-ऐंशी. तुमचा तेवीसचा, त्यात तुम्ही एकशे दहा ठासता. आधी चाकं बदला, मग फ्रेमचं बोला." दोन्ही सायकलींची चाकं आणि गिअर एकाच मापाचे होते. त्याने दहा मिनिटांत अदलाबदल करून दिली.

पुढच्या रविवारी तोच रस्ता, त्याच दोन सायकली, फक्त चाकं उलटी. माझी बदनाम ॲल्युमिनियमची फ्रेम अठ्ठावीसच्या टायरवर चौकपर्यंत कधी गेली ते कळलं नाही. मित्र मागून टिटॅनियमवर दात आवळत येत होता. खालापूरला चहाच्या टपरीवर त्याने हात झटकले तेव्हा मला, वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं.

यात नवीन असं काहीच नव्हतं. सुरुवातीच्या सायकलींना लाकडी चाकं आणि लोखंडी धावा असत. इंग्रजांनी त्यांना 'हाडं खिळखिळी करणारी' असंच नाव ठेवलं होतं. १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. मुलाच्या तीनचाकीला त्याने आधी तो बसवून पाहिला होता. तीनच वर्षांनी, १८९१ मध्ये, पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची सुमारे १,२०० किलोमीटरची पहिली शर्यत झाली. ती शार्ल तेराँने ७१ तास २२ मिनिटांत जिंकली, ती मिशलँच्या हवेच्या टायरवर. आज जगभरचे ब्रेव्हेवाले दर चार वर्षांनी त्याच वाटेने जातात. आणि आपल्या पनवेलचं काय? १८८२च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये नोंद आहे की इथली बैलगाडीची चाकं दख्खनभर नावाजलेली होती आणि घाटावरचा गाडीवान जाताना एक जोडी घेऊन जाई. गाडी कुठलीही असो, चाक पनवेलचं! ज्या गावाला हे ठाऊक होतं तिथे राहून मी फ्रेमच्या मागे लागलो होतो.

मग टिटॅनियम नुसतं थोतांड का? मुळीच नाही. त्याचे गुण वेगळ्याच ठिकाणी आहेत. ते गंजत नाही. आमच्याकडे खाडीचं वारं, चार महिने पाऊस आणि वर बाराही महिने घाम. पोलादी फ्रेम बाहेरून रंगाने चकचकीत दिसते आणि आतून खात जाते. टिटॅनियमला रंगही नको. दुसरं म्हणजे थकवा. धातूही थकतो. पोलाद आणि टिटॅनियम यांना एका मर्यादेच्या आतले हेलकावे जवळजवळ कितीही सोसतात. ॲल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही, लहान हेलकाव्यांचाही हिशेब त्याच्या खात्यात जमा होत राहतो. म्हणून त्याची फ्रेम वाजवीपेक्षा भक्कम करावी लागते. टिटॅनियमचं खनिज आपल्या रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या काळ्या रेतीतही सापडतं. महाग पडतं ते त्यातून धातू वेगळा काढणं. वर जोडकामही नखरेल. तापलेलं टिटॅनियम हवेतला प्राणवायू ओढून ठिसूळ होतं, म्हणून आरगॉन वायूच्या आवरणात वेल्डिंग करावं लागतं. पेणला किंवा वडखळला रात्री फ्रेम तडकली तर पोलादाला टाका मारून घरी पोचवणारा कुणीतरी सापडेल. टिटॅनियमला नाही.

आणि न गंजणाऱ्या फ्रेमचीही एक खोड आहे. गेल्या पावसाळ्यानंतर मित्राला सीट वर करायची होती, ती हलेना. टिटॅनियमच्या फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची नळी, ग्रीस न लावता दोन पावसाळे. दोन धातू आणि खारट ओल एकत्र आली की त्यातला दुबळा धातू झिजतो, आणि त्याचा पांढरा मळ सिमेंटसारखा घट्ट धरतो. मेकॅनिकचे दोन तास गेले.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी अठ्ठावीसचे टायर घेतले, हवा पंचाहत्तरवर आणली, हँडल दोन सेंटीमीटर वर घेतलं, त्यावर जाड पट्टी गुंडाळली आणि दर वीस मिनिटांनी हाताची जागा बदलायची सवय लावली. खर्च पाच आकड्यांतही गेला नाही. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तीनशे केली. करंगळ्या बधिर झाल्याच, पण बटणं लागली, आणि संध्याकाळपर्यंत बोटं परत आली. गच्चीची गळतीही थांबली.

आता चारशेची तयारी आहे. तिच्यासाठी बत्तीसचे टायर हवेत आणि ते माझ्या फ्रेममध्ये बसत नाहीत. म्हणून जुनी पोलादी फ्रेम शोधतो आहे. चिमट्यात रुंद चाकाला जागा हवी, सीटची नळी बावीस इंच आणि आतून गंज नको. माळ्यावर अशी एखादी पडून असेल, तर श्रोतेहो, भंगारवाल्याला देण्याआधी एकदा ती उलटी करून आत टॉर्च मारून बघा.