गोष्ट नेमकी कुठे सैल पडते?

मे 2019. 'गेम ऑफ थ्रोन्स'चा आठवा आणि शेवटचा सीझन अजून संपलाही नव्हता, तोच एका ऑनलाइन अर्जावर सह्यांचा पाऊस सुरू झाला. मागणी एकच: हा सीझन सक्षम लेखकांकडून पुन्हा लिहून घ्या. सह्या बघता बघता दहा लाखांपुढे गेल्या. एचबीओ वाहिनी असलं काही करणार नाही, हे सही करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. गंमत म्हणजे त्याच सीझनला त्या वर्षी 32 एमी नामांकनं मिळाली, 12 पुरस्कार मिळाले आणि सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा मानही मिळाला. लेखनाचा पुरस्कार मात्र 'सक्सेशन' या दुसऱ्या मालिकेकडे गेला.

आपल्याकडे ही मालिका हॉटस्टारवर अमेरिकेच्या बरोबरीने यायची, म्हणजे सोमवारी सकाळी साडेसहाला. ऑफिसला निघण्याआधी भाग संपवायचा आणि दुपारच्या डब्यापर्यंत भांडण पेटलेलं असायचं. बचावाला उतरणारेही कमी नव्हते. त्यांचं म्हणणं असं, की तुम्हाला हवा तसा शेवट झाला नाही म्हणून तुम्ही चिडलात.

या भांडणात थक्क करणारी एक गोष्ट आहे. चिडलेल्यांपैकी बहुतेकांनी पटकथालेखनाचा एक धडाही घेतलेला नव्हता. छायाचित्रण, संगीत, अभिनय, ड्रॅगन सगळं पूर्वीपेक्षा भव्य होतं. तरीही 'लेखन ढिलं पडलं' हे त्यांना जाणवलं आणि तेही जगभर, एकाच सुमारास. जी वीण डोळ्यांना दिसत नाही, ती उसवल्याचं माणसाला कळतं कसं?

आधी वीण घट्ट असताना ती कशी होती, ते पाहू. पहिल्या सीझनच्या नवव्या भागात तरुण रॉब स्टार्कला सैन्य नदीपार न्यायचं असतं. पूल आहे वॉल्डर फ्रे नावाच्या खडूस म्हाताऱ्याच्या ताब्यात. पुलाचा मोबदला ठरतो: रॉबने फ्रेच्या एका मुलीशी लग्न करायचं. सैन्य पार होतं, लढाई जिंकली जाते, प्रेक्षक ते लग्न विसरून जातो. पुढे रॉब प्रेमात पडतो आणि भलतीशीच लग्न करतो. मग त्याचाच एक सरदार कैदेतल्या दोन पोरांना मारतो. रॉब न्यायाला जागून त्याचा शिरच्छेद करतो. त्या सरदाराचे सैनिक छावणी सोडून निघून जातात. आता माणसं कमी पडली, म्हणून पुन्हा त्याच फ्रेच्या दारात जाणं आलं. समेटासाठी एक लग्न ठरतं, रॉबच्या मामाचं. 2013 साली प्रेक्षकांनी पाहिलेलं ते 'रेड वेडिंग'. नायक, त्याची गरोदर बायको आणि आई, तिघंही मेजवानीत कापली गेली.

लोक टीव्हीसमोर किंचाळले. पण शांतपणे मागे वळून पाहिलं, की यातला एकही दुवा आभाळातून पडलेला नाही. रॉबचं प्रेम खरं होतं आणि न्यायही खरा होता, तरी दोन्हींची किंमत त्याला चुकवावी लागली, आणि ती कुणी वसूल करायची हे दोन वर्षांपूर्वी एका पुलावर ठरलेलं होतं. त्याचा बाप नेड स्टार्क मेला तेव्हाही हेच झालं होतं. राणी सर्सीचं गुपित कळल्यावर नेडने दयेपोटी तिला आधीच सावध केलं आणि पळून जायला वेळ दिला. तिने तो वेळ वापरला, पण पळण्यासाठी नाही.

या विणीचं मोजमापही झालेलं आहे. मालिका ज्यांवर बेतली आहे, त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या पाच कादंबऱ्यांचा ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या गणितज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी मिळून अभ्यास केला. तो 2020 साली 'पीएनएएस' या विज्ञानपत्रिकेत छापून आला. कादंबऱ्यांत दोन हजारांहून अधिक पात्रं आहेत आणि त्यांचे आपसातले संबंध 41 हजारांवर जातात. एवढ्या गर्दीत वाचक हरवत कसा नाही? मार्टिन प्रत्येक प्रकरण एकाच पात्राच्या नजरेतून लिहितात, आणि ज्यांच्या नजरेतून गोष्ट दिसते अशा मुख्य पात्रांचा संबंध सरासरी सुमारे दीडशे जणांशी येतो. माणसाचा मेंदू खऱ्या आयुष्यात जेवढी नाती सांभाळू शकतो असं मानलं जातं, तेवढाच हा आकडा आहे. तो मांडणारे मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबार स्वतः या अभ्यासात होते.

त्यांना सापडलेली दुसरी गोष्ट याहून अद्भुत आहे. पानांच्या क्रमाने मोजलं, तर महत्त्वाच्या पात्रांचे मृत्यू निव्वळ यदृच्छेने आल्यासारखे विखुरलेले दिसतात. पुढचा कधी, याचा अंदाज बांधता येत नाही. पण कथेतल्या तारखांप्रमाणे घटना लावल्या, की तोच विस्कळीतपणा जातो आणि खऱ्या जगातल्या मानवी घडामोडींशी जुळणारा आकृतिबंध दिसू लागतो. त्या तारखा कुठून आल्या? चाहत्यांनीच कादंबऱ्यांतून एकेक संदर्भ वेचून जुळवलेल्या. वाचताना धक्का बसतो आणि मागे वळून पाहताना सगळं अटळ वाटतं, हा जो अनुभव वाचक सांगतात, त्याला गणितातही जागा सापडली.

मार्टिन स्वतः लेखकांच्या दोन जाती सांगतात. एक वास्तुरचनाकार: खिडकी कुठे येणार हे त्याला पायाच्या आधी माहीत असतं. दुसरा माळी: बी कशाचं पेरलंय हे त्याला ठाऊक असतं, पण फांदी कुठे फुटेल ते रोप वाढल्यावरच कळतं. मार्टिन स्वतःला माळी म्हणवतात. तीन कादंबऱ्यांत संपवायचं म्हणून सुरू केलेलं हे काम सात खंडांच्या योजनेपर्यंत वाढलं. पहिला खंड 1996 चा, पाचवा 2011 चा, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षीचा. सहावा मालिका संपेपर्यंतही आला नाही.

इथे मालिकेचे कर्ते डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांची पंचाईत सुरू होते. 2013 साली ते मार्टिन यांच्या गावी, सांता फेला, जाऊन बसले आणि शेवटाकडचे मोठे टप्पे त्यांच्याकडून ऐकून घेतले. होडोर या पात्राच्या नावामागचं रहस्य त्यातलंच. रॉबचा धाकटा भाऊ ब्रॅन शेवटी राजा होतो हेही मार्टिन यांच्याकडूनच आलं, असं ती भूमिका करणाऱ्या नटाने सांगितलं आहे. मुक्कामाची गावं कळली होती, पण त्यांना जोडणारा रस्ता माळ्याने स्वतःच अजून चालून पाहिलेला नव्हता.

'पुस्तकं संपली आणि लेखन ढासळलं' हा निवाडा मात्र फार सोपा आहे. पहिल्या सीझनमधला राजा रॉबर्ट आणि सर्सी यांचा तो संवाद आठवा, ज्यात दोघं आपल्या मोडक्या लग्नाबद्दल थंडपणे बोलतात. तो कादंबरीत नाही. पहिल्या सीझनचे भाग ठरलेल्या वेळेपेक्षा तोकडे पडत होते, म्हणून बेनिऑफ आणि वाइस यांनी तो जादा लिहिला. दुसऱ्या सीझनमध्ये रॉबची बहीण आर्या आणि सर्सीचा बाप टायविन लॅनिस्टर समोरासमोर बसतात, तेही कादंबरीत नाही. सहाव्या सीझनचा शेवट पुस्तकांच्या पुढे गेलेला होता, तरी चाहत्यांनी तो डोक्यावर घेतला. या जोडीला लिहिता येत होतं, याबद्दल शंका नको. मग बिघडलं काय?

अंतरापासून सुरुवात करू. पहिल्या भागात राजाचा ताफा राजधानीतून उत्तरेला, स्टार्क घराण्याच्या विंटरफेलला पोहोचतो तेव्हा राणी कुरकुरते, की महिनाभर प्रवास चाललाय. हा महिना शोभेचा नव्हता. लोकांना वाटेत वेळ लागतो, म्हणूनच उत्तरेकडून परतणारा सर्सीचा भाऊ टिरियन एका खानावळीत रॉबची आई कॅटलिन स्टार्क हिच्या समोर येतो. ती त्याला पकडते, त्याचा बाप सूड म्हणून मुलूख जाळतो आणि युद्ध पेटतं. ज्याला त्याला हवं तिथे क्षणात पोहोचता आलं असतं, तर या कथेत युद्धच झालं नसतं. आता सातव्या सीझनचा सहावा भाग पाहा. नेडचा मुलगा म्हणून वाढलेला जॉन स्नो आणि सोबती गोठलेल्या तळ्यात अडकतात. एक जण उत्तर सीमेवरच्या भिंतीपर्यंत धावतो, पक्षी चिठ्ठी घेऊन दूर दक्षिणेच्या बेटावर जातो, सिंहासनावर हक्क सांगणारी डॅनेरिस ड्रॅगनवर बसून उत्तरेला येते, आणि ही मंडळी अजून तिथेच आहेत! वेळेचा हिशोब थोडा धूसर झाल्याचं दिग्दर्शकानेही मान्य केलं. चाहत्यांनी पक्ष्याचा वेग काढला, नकाशे मोजले, आणि लोक त्यांना हसले. ड्रॅगन चालतात आणि पक्ष्याचा वेग खटकतो? हो, खटकतो, आणि खटकायलाच हवा. ड्रॅगन हा त्या जगाचा पहिल्या दिवशी मान्य केलेला नियम आहे. अंतर हाही तसाच नियम होता, आणि तो वाटेत मोडला.

आठव्या सीझनमध्ये असे नियम आठवड्यागणिक बदलू लागले. चौथ्या भागात शत्रूचं आरमार अचानक समोर येतं आणि महाकाय बाणांनी एक ड्रॅगन हवेतच मारला जातो. डॅनेरिसला त्या आरमाराचा काहीसा विसर पडला होता, असं स्पष्टीकरण बेनिऑफ यांनी दिलं. त्याच भागात तिच्यासमोर त्या आरमाराची चर्चा झालेली आहे. पुढच्याच भागात तसल्याच बाणांच्या रांगाच्या रांगा उरलेल्या एकमेव ड्रॅगनला खरचटवूही शकत नाहीत. चौथ्या भागात ड्रॅगन मरायला हवा होता आणि पाचव्यात जगायला हवा होता, एवढंच त्यामागचं कारण. पूर्वी घटना पुढच्या घटनेला जन्म देत होती. आता ठरलेली घटना मागे हात घालून आपल्याला हवं ते कारण ओढून आणू लागली.

सगळ्यात मोठा वाद अर्थातच डॅनेरिसचा. राजधानी शरण आल्याच्या घंटा वाजतात आणि तरी ती शहर जाळते. बचाव करणारे पुरावे काढतात: पहिल्या सीझनमध्ये भावाच्या डोक्यावर वितळलेलं सोनं ओतलं जाताना ती निर्विकार पाहत होती, चौथ्यात तिने 163 मालकांना खांबांवर ठोकलं, सातव्यात शरण न येणाऱ्या बापलेकांना जाळलं. मुद्दा खोटा नाही. पण त्या प्रत्येक वेळी समोर तिचा शत्रू होता आणि तिच्याजवळ तिचं कारण होतं, मग ते तुम्हाला पटो न पटो. शरण आलेल्या गल्ल्यांवर आग ओकण्याचं कारण बांधायला मालिकेकडे एक-दोन भागच उरले होते. चाहूल आधी लागणं वेगळं आणि कारण घडणं वेगळं. नायिकेची शोकांतिका व्हावी की नाही, याबद्दल फार थोड्यांची तक्रार होती. आपल्या डोळ्यांदेखत ती झाली नाही, ही खरी तक्रार.

समाजशास्त्रज्ञ झेनेप तुफेकची यांनी त्याच काळात आणखी एक चांगला मुद्दा मांडला. सुरुवातीची मालिका माणसांना घडवणाऱ्या व्यवस्थांची गोष्ट होती: घराणी, कर्ज, लग्नं, सैन्य. म्हणूनच नायक मेला तरी गोष्ट मरत नव्हती. शेवटी ती व्यक्तींच्या मनांची आणि नशिबाची गोष्ट झाली. मला हा मुद्दा पटतो, पण अर्धा. रॉबर्ट आणि सर्सीचा तो प्रसंग मनांचाच होता आणि तरी तो उत्तम होता, कारण त्या मनांवर सतरा वर्षांच्या लग्नाचा भार होता. मनाच्या गोष्टीलाही पूल लागतात, आणि पूल बांधायला वेळ लागतो.

वेळ मात्र आपल्याच हाताने कमी केलेला होता. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे, सातवा सात भागांचा, आठवा सहाच. वाहिनी आणखी भाग करायला तयार होती. कर्त्यांनी 73 भागांवर थांबायचं ठरवलं. आपल्याकडे मालिकांबद्दलची तक्रार बरोबर उलटी असते. नायिकेचा गैरसमज दूर व्हायला तीन महिने, आणि तोवर नुसतं पाणी घालणं. म्हणून आपल्याला वाटतं, की आटोपशीर केलं म्हणजे चांगलं झालं. पण लांबण आणि घाई यांचा आजार एकच आहे. एकीकडे घटना घडते आणि तिचा परिणाम होत नाही. दुसरीकडे परिणाम येऊन उभा राहतो आणि त्यामागची घटनाच घडलेली नसते.

2022 साली 'हाउस ऑफ द ड्रॅगन' ही याच जगातली दुसरी मालिका आली आणि वाद पुन्हा पेटला. 2024 साली तर मार्टिन स्वतःच त्यात उतरले. एक लहान मूल पटकथेतून वगळल्याने पुढे काय काय कोसळणार, हे त्यांनी जाहीरपणे लिहिलं आणि थोड्याच वेळात काढूनही टाकलं. एका लहानग्या पात्रावरून एवढा खल का, असं तेव्हा काहींना वाटलं. पण पूल ओलांडताना दिलेला शब्दही तेवढाच लहान होता.

तेव्हा पक्ष्याचा वेग मोजणाऱ्या चाहत्यांना वेडं ठरवू नका. हौसेच्या भरात ते कथनशास्त्राचा मूळ प्रश्न विचारत होते: हे यामुळे घडलं, की हे घडायला हवं म्हणून ते घडवलं? पुढची कुठलीही मालिका, कुठल्याही भाषेतली, बघताना हा एकच प्रश्न जवळ ठेवा. लेखन कुठे सैल पडलं, ते समीक्षकाने सांगण्याआधी तुम्हाला कळेल.