दृष्टिपटलाची दुरुस्ती : मूळ पेशींची मजल कोठवर?

नेत्रदानातून मिळालेले बुबुळावरील पारदर्शक पटल रुग्णाला बसविता येते. डोळ्याच्या आतील दृष्टिपटल मात्र असे बदलता येत नाही. ते मज्जातंतूंद्वारे थेट मेंदूशी जोडलेले असते आणि त्यातील मृत झालेल्या पेशी माणसात पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणूनच मूळ पेशींपासून, म्हणजे स्टेम सेलपासून, नव्या पेशी घडवून त्यांचे रोपण करण्याचे प्रयत्न सुरू आहेत.

दृष्टिपटलातील प्रकाश टिपणाऱ्या पेशींना लागून रंगद्रव्य असलेल्या पेशींचा एक थर असतो. त्यांना पोषण पुरविणे आणि त्यांनी टाकलेला कचरा दूर करणे हे त्याचे काम. उतारवयात होणाऱ्या मॅक्युलर डीजनरेशन या विकारात हा आधारथर खचतो व प्रकाश टिपणाऱ्या पेशीही मरू लागतात. परिणामी दृष्टीचा मध्यभाग जातो; वाचणे, चेहरे ओळखणे कठीण होते.

आजवरचे यश मुख्यतः या आधारथरापुरतेच आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये जपानमधील कोबे येथे मासायो ताकाहाशी यांच्या पथकाने सत्तरीतील एका महिलेच्याच त्वचेच्या पेशींपासून असा थर तयार करून तिच्या डोळ्यात बसविला. वर्षभरानंतर तो टिकून होता. दृष्टी सुधारली नाही, पण खालावलीही नाही. लंडनमध्ये भ्रूणातील मूळ पेशींपासून केलेला थर बसविल्यानंतर दोन रुग्णांना वर्षभराने तक्त्यावरील अनुक्रमे २९ व २१ अक्षरे अधिक वाचता आली, असे २०१८ मध्ये जाहीर झाले. निष्कर्ष काढण्यास दोन रुग्ण अर्थातच अपुरे आहेत.

प्रकाश टिपणाऱ्या पेशींचे रोपण याहून अवघड आहे. २००६ मध्ये लंडनच्या रॉबिन अली व सहकाऱ्यांनी नवजात उंदरांच्या अशा पेशी प्रौढ उंदरांच्या दृष्टिपटलात सामावल्याचे सांगितले होते. रोपण केलेल्या पेशी हिरव्या चमकीवरून ओळखल्या जात. मात्र २०१६ मध्ये, अली यांच्यासह अनेक पथकांना असे आढळले की, बहुतांश ठिकाणी ती चमक नव्या पेशींची नव्हती. त्यांच्यातील द्रव्य उंदराच्या मूळच्याच पेशींत उतरले होते.

असे असूनही हा उपचार विकला जातो. अमेरिकेतील फ्लोरिडा येथे २०१५ मध्ये एका खासगी दवाखान्यात तीन वृद्ध महिलांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचण्यात आल्या. होती ती दृष्टीही त्यांनी बहुतांशी गमावली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या विकारांसारखे मोजके मान्य उपचार वगळता मूळ पेशींचा रुग्णांवरील वापर केवळ मंजूर चाचणीतच करता येतो. अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे शुल्क सहसा घेतले जात नाही. कोणी ते मागितल्यास चाचणीच्या नोंदणीचा क्रमांक आधी विचारावा.