शिंगावरचे रंग

आमच्या घरच्या लाकडी नंदीचं उजवं शिंग टोकाला उडालं आहे. तिथं नखानं खरवडलं की लालाखाली हिरवा निघतो, हिरव्याखाली निळा. दर पोळ्याला घरातलं कुणी तरी ब्रश घेऊन बसतं आणि आपल्या आवडीचा हात मारतं.

पिठोरी अमावास्येला खऱ्या बैलांचा पोळा, दुसऱ्या दिवशी लेकरांचा तान्हा पोळा. फळीला चार चाकं, पुढं दोरी, वर नंदी. पोरं तो ओढत दारोदार नेतात. घरची बाई ओवाळते आणि हातावर बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, टेकवते. किती जमला, याचा हिशेब संध्याकाळी ओट्यावर होतो.

ही प्रथा नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली, असं सांगतात. गंमत अशी की १८०३ च्या देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं होतं. राजाला नदीची हद्द पडली, पोरांच्या बैलाला नाही. अमरावती-अकोल्यातही तो खडखडत फिरतो.

सुतार खोड तासून वशिंड, पोळी, पाठ काढतो; पाय, शिंगं बहुधा वेगळी करून बसवतो. फटींत लांबी भरायची, पॉलिशपेपर मारायचा, मग पांढरा हात. झूल, बाशिंग, गळ्यातली माळ रंगानंच काढायची. डोळा मात्र शेवटी. बुबुळ जरा वर सरकलं की बैल बुजल्यासारखा दिसतो, आणि असा नंदी पोरं घेत नाहीत.

रंगवलेली वस्तू जपायची वेगळी तऱ्हाही असते. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत बेसबॉलचा सामना जिंकला की तोच चेंडू सोनेरी रंगवून, वर तारीख आणि धावा लिहून कपाटात ठेवत. आता संग्राहक त्यासाठी मोठ्या रकमा मोजतात. मूळ रंगाला हात लागला, की किंमत उतरली. आपल्याकडेही दिवाणखान्यात काचेआड नंदी दिसू लागले आहेत. देखणे असतात, नाही म्हणत नाही; पण चाकं कोरी करकरीत. मला ते पोळ्याला न जुंपलेले वाटतात.

आमच्याकडे दरवर्षी रंग चढतो, म्हणजे संग्राहकाच्या लेखी आम्ही वस्तूची माती करतो. यंदा पुतणीनं जांभळी डबी आणली आहे. उडालेलं टोक लांबीनं भरू का, असं तिला विचारलं, तर म्हणाली, “राहू दे काका, मग खालचे रंग कसे दिसतील?”