दुधातले औषध आणि पेटंटचे घड्याळ

शेळीच्या दुधातून औषध काढता येते, हे आपल्याला ठाऊक आहे का? रक्त नको तिथे गोठू नये म्हणून आपल्या शरीरात अँटिथ्रॉम्बिन हे प्रथिन असते. काहींना ते जन्मतःच कमी असते. अमेरिकेतील जीटीसी बायोथेराप्युटिक्स कंपनीने त्याचे मानवी जनुक शेळीत घातले व तिच्या दुधातून ‘एट्रिन’ हे औषध मिळवले. एक शेळी वर्षाला सुमारे ९० हजार रक्तदानांइतके प्रथिन देते, असे कंपनी सांगे.

युरोपात २००६ मध्ये व अमेरिकेत २००९ मध्ये परवानगी मिळाली. पण पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षेच टिकते. कळप वाढवणे, दुधातून प्रथिन वेगळे करणे, चाचण्या घेणे यांतच त्यातली बरीच वर्षे सरतात. त्यात हा दोष विरळा, म्हणजे गिऱ्हाईक थोडे. युरोपातील परवान्याची मुदत २०१८ मध्ये संपली. पुढे तो वाढवला गेला नाही.

कायदेही देशोदेशी निराळे. अमेरिकेने १९८८ मध्ये जनुक बदललेल्या उंदरावर पेटंट दिले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तेच नाकारले. आपल्या भारतात प्राण्यावर पेटंट मिळत नाही.

शोध लागला, तरी मोजक्या रुग्णांसाठी औषध बनवायचे कोणी? आम्हांला वाटते, या प्रश्नाचाही विचार आपण विज्ञानाबरोबरच करायला हवा.